वाळलेल्या पानांची साक्ष

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पुस्तकात पिंपळाचे एखादे पान बहुधा सापडतेच. पान पाण्यात ठेवून त्यातील हिरवा भाग कुजू द्यावयाचा, मग जी नाजूक जाळी उरते ती पुसून, वाळवून पुस्तकात जपून ठेवावयाची, हा कित्येक पिढ्यांचा आवडता छंद आहे. वर्षे जातात, पुस्तक माळ्यावर जाऊन पडते आणि पुढे केव्हातरी ते पान हाती आले म्हणजे मन क्षणभर बाळपणात जाते. परंतु हे पान कोणत्या गावच्या पिंपळाचे, कोणत्या दिवशी तोडलेले, असे कोणी विचारले तर आपल्याला उत्तर देता येत नाही. पान उरलेले असते. त्याची हकीकत मात्र हरवलेली असते.

वनस्पतिशास्त्रज्ञही पाने-फुले वाळवून ठेवतात. त्यांच्या आणि आपल्या पानांत फरक आहे तो एका चिठ्ठीचा. त्यांच्या प्रत्येक नमुन्याच्या कागदावर, बहुधा खालच्या कोपऱ्यात, एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली असते. वनस्पतीचे नाव काय, ती कोठे मिळाली, कोणत्या दिवशी मिळाली आणि कोणी गोळा केली, एवढाच मजकूर तीवर असतो. अशा नमुन्यांच्या व्यवस्थित लावलेल्या भांडाराला वनस्पतिसंग्रह किंवा हर्बेरियम असे म्हणतात. आज जगात असे तीन हजारांहून अधिक संग्रह असून त्यांत मिळून सुमारे ४० कोटी नमुने आहेत. ही वाळलेली पाने आज एका फार मोठ्या प्रश्नाविषयी साक्ष देत आहेत. ती कशी, हे आपण पाहू.

नमुना तयार करण्याची रीत साधी आहे. शक्य तर मूळ, खोड, पान, फूल आणि फळ अशी सर्व अंगे असलेली वनस्पती किंवा तिची फांदी निवडतात. ती टीपकागदांच्या किंवा जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत नीट पसरून, दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळून ठेवतात. कागद ओलावा शोषून घेतात. ते वारंवार बदलले नाहीत तर नमुन्याला बुरशी लागते. पूर्ण वाळल्यावर तो जाड कागदावर चिकटवितात किंवा दोऱ्याने टाकतात. आपल्या देशात हा कागद साधारणतः ४२ सेंटिमीटर लांब व २८ सेंटिमीटर रुंद असतो. मग चिठ्ठी लावून तो कपाटात जातो. ओलावा आणि कीड यांपासून जपला, तर असा नमुना शेकडो वर्षे टिकतो.

ही पद्धत सोळाव्या शतकात इटलीमध्ये रूढ झाली. लूका गिनी नावाचे एक वैद्य तेथे वनस्पतिविद्या शिकवीत असत. ताज्या वनस्पती वर्षभर मिळत नाहीत, मग शिष्यांना दाखवावयाचे काय, ही त्यांची अडचण होती. वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटविण्याची युक्ती प्रचारात आणण्याचे श्रेय त्यांना देतात. अशा ग्रंथांना त्या काळी 'शुष्क उद्यान' असे सार्थ नाव होते. पुढे अठराव्या शतकात स्वीडनचे थोर शास्त्रज्ञ लिनीअस यांनी नमुने ग्रंथात न बांधता सुटे कागद कपाटात रचून ठेवले. त्यामुळे नवा नमुना मिळताच तो योग्य जागी घालणे सोपे झाले.

या सर्व संग्राहकांचा हेतू एकच होता : कोणती वनस्पती कोणती, हे ओळखणे, तिला नाव देणे आणि ती कोठे वाढते याची नोंद करणे. आपण लिहीत असलेली तारीख शे-दोनशे वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. परंतु मध्यंतरी जग बदलले. कारखाने आणि वाहने यांसाठी माणसाने दगडी कोळसा व खनिज तेल अपार जाळले. त्यामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण वाढत गेले आणि पृथ्वीचे तापमानही वाढू लागले. या बदलाला वनस्पती कसे तोंड देत आहेत? हे समजावयाचे तर आजच्या वनस्पतीची शंभर वर्षांपूर्वीच्या वनस्पतीशी तुलना करावयास हवी. पण शंभर वर्षांपूर्वीचे पान आणावयाचे कोठून? ते संग्रहाच्या कपाटात होतेच.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील केंब्रिजचे आहे. पानाच्या त्वचेवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. वनस्पती याच रंध्रांतून अन्न तयार करण्यासाठी कार्बन डायऑक्साइड आत घेते. मात्र रंध्रे उघडी असली की त्यांतून पाण्याची वाफही बाहेर जाते. म्हणजे प्रत्येक रंध्र हे मिळकतीचे दार आहे, तसेच खर्चाचेही. केंब्रिज येथील इयन वुडवर्ड या शास्त्रज्ञाने संग्रहातील आठ जातींच्या झाडांची, गेल्या दोनशे वर्षांत गोळा केलेली पाने घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रंध्रे मोजली. १९८७ साली त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. या काळात पानावरील रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली होती.

याचे कारण काय असावे? कारखानदारीच्या पूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग असत. वुडवर्डच्या वेळी ते ३४० झाले होते. हवेत वायू अधिक असला, तर तेवढाच वायू थोड्या दारांतून मिळू शकतो आणि पाण्याचीही बचत होते. ही केवळ कल्पना राहू नये म्हणून वुडवर्डने रोपे बंदिस्त जागेत वाढवून, तेथील हवेतील वायूचे प्रमाण बदलून पाहिले. प्रमाण जुन्या काळाइतके कमी केले, तेव्हा पानांवर रंध्रे अधिक आली. कपाटातील पानांनी जे सांगितले, त्याला जिवंत रोपांनी दुजोरा दिला. २०२४ साली हवेतील हे प्रमाण ४२० भागांच्याही वर गेले होते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील बॉस्टन शहराचे आहे. तेथील आर्नल्ड वृक्षोद्यानातील झाडांची नीट नोंद ठेवलेली असते, त्यामुळे एखादी वाळलेली फांदी नेमकी कोणत्या झाडाची, हे सांगता येते. २००३ साली रिचर्ड प्रायमॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील २२९ जिवंत झाडाझुडपांच्या फुलण्याचे दिवस टिपून घेतले आणि त्याच झाडांच्या १८८५ ते २००२ या काळातील ३७२ वाळलेल्या नमुन्यांशी त्यांची तुलना केली. थंड प्रदेशात हिवाळा सरून ऊब आली म्हणजे झाडे फुलतात. तुलनेतून असे दिसले की, १९०० ते १९२० या काळात ती जेव्हा फुलत, त्यापेक्षा १९८० नंतर ती सरासरीने आठ दिवस आधी फुलू लागली होती. जुन्या नमुन्यांच्या काळापासून बॉस्टनचे सरासरी तापमान दीड अंश सेल्सिअसने वाढले होते. ज्या झाडाने आजोबांना फूल दिले, तेच झाड नातवाला ते आठवडाभर आधी देत होते.

आठ दिवसांनी असे काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका लहानशा इंग्लिश फुलाच्या हकीकतीत आहे. दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या माळांवर वसंत ऋतूत ऑर्किडची एक जात फुलते. हे फूल तपकिरी, मखमली आणि एखाद्या किड्यासारखे दिसणारे असते. त्यात मध नसतो; तरीही जमिनीत बीळ करून एकट्याने राहणाऱ्या एका जातीच्या मधमाशीचा नर त्याच्याकडे धाव घेतो, कारण फुलाला त्या जातीच्या मादीसारखा वास येतो. नर फसून फुलावर बसतो, परागांचा पुंजका त्याला चिकटतो आणि दुसऱ्या फुलावर पुन्हा फसून तो पराग तेथे पोहोचवितो. या फसवणुकीवर त्या ऑर्किडचा वंश अवलंबून आहे. निसर्गाने तिची वेळही मोठी नेमकी साधलेली असते. नर जमिनीतून आधी बाहेर पडतात आणि माद्या काही दिवसांनी. मधल्या अवधीत, खऱ्या माद्या नसताना, हे फूल फुललेले असावे लागते.

संशोधकांनी १८४८ ते १९५८ या काळातील या ऑर्किडचे ७७ वाळलेले नमुने तपासून, ज्या वर्षी वसंत ऋतू अधिक उबदार त्या वर्षी फूल किती आधी आले, ते पाहिले. एका अंशामागे ते सुमारे सहा दिवस आधी येते, असे आढळले. पण वाळलेल्या नमुन्यांवर विश्वास कितपत ठेवावा? १९७५ ते २००६ या काळात एका शास्त्रज्ञाने प्रत्यक्ष माळावर जाऊन त्याच फुलाच्या नोंदी केल्या होत्या. त्यांवरून गणित मांडले, तरी उत्तर तेच आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने वाळलेल्या नमुन्यांची साक्ष खरी असल्याचे दाखवून दिले.

यानंतर संशोधक संग्रहालयांत टाचणीला टोचून ठेवलेल्या मधमाश्यांकडे वळले. त्यांच्याही चिठ्ठीवर तारखा होत्या. २०१४ साली असे निष्पन्न झाले की, उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या वसंतात तापमान एक अंशाने वाढले तर फूल सहा दिवस, नर नऊ दिवस आणि माद्या तब्बल पंधरा दिवस आधी येतात. म्हणजे प्रत्येक अंशामागे माद्या फुलापेक्षा नऊ दिवसांनी पुढे सरकतात. खरी मादी समोर असताना नर फुलाला कशाला भुलेल? तिघांचीही घड्याळे पुढे गेली आहेत. पण सारखी पुढे गेलेली नाहीत. हा मेळ तुटत गेला तर फूल फुलेल, पण त्याला बी धरणार नाही. हा धोका लक्षात आला तो शंभर वर्षांपूर्वीच्या वाळलेल्या फुलांमुळे आणि मेलेल्या माश्यांमुळे.

प्रत्येक साक्षीदाराप्रमाणे या साक्षीदारांचीही उलटतपासणी करावी लागते. संग्राहक बहुधा रस्त्याच्या कडेने, सोयीच्या ठिकाणी हिंडत. दुर्गम रानातील वनस्पती त्यांच्या हाती कमी लागत. फूल बहरात असतानाच ते तोडण्याकडे त्यांचा कल असे. काही चिठ्ठ्यांवर दिवसच नसतो. म्हणून शास्त्रज्ञ एका नमुन्यावरून निर्णय करीत नाहीत. अनेक नमुने, अनेक वर्षे आणि शक्य तेथे प्रत्यक्ष निरीक्षण यांचा मेळ घालूनच ते बोलतात.

असे संग्रह आपल्या देशातही आहेत. हावडा येथील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रह हा त्यांतील सर्वांत मोठा. मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयातील संग्रह फादर ब्लॅटर यांच्या नावाने ओळखला जातो. स्वित्झर्लंडमधून आलेल्या या धर्मोपदेशकाने १९३४ साली मृत्यू येईपर्यंत भारतीय वनस्पतींचा अभ्यास केला. पुण्यास १९५५ साली भारतीय वनस्पति-सर्वेक्षण खात्याचे पश्चिम विभागाचे केंद्र सुरू झाले. सह्याद्रीच्या घाटांतील आणि कोकणातील वनस्पतींचे नमुने तेथे जतन केले आहेत. आपल्याकडील रानफुलांना थंडीपेक्षा पावसाचा इशारा अधिक महत्त्वाचा असतो. पावसाच्या बदलत्या चालीबरोबर त्यांची घड्याळे कशी सरकतात, याची साक्षही अशाच कपाटांतून घ्यावी लागेल.

मात्र ही कपाटे सुरक्षित राहिली पाहिजेत. १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धात, बर्लिन येथील जगप्रसिद्ध संग्रहावर बाँब पडले आणि लाखो नमुने एका रात्रीत जळून गेले. त्यांच्या जागी आज कितीही नवी फुले आणून ठेविली तरी जुनी तारीख परत येत नाही. ग्रंथ जळाला तर त्याची दुसरी प्रत कोठेतरी सापडू शकते. पण एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट टेकडीवर उमललेल्या फुलाची दुसरी प्रत नसते.

ज्यांनी हे नमुने गोळा केले त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणाच्या लक्षात नाहीत. उन्हातान्हात हिंडून, रात्री दिव्यापाशी बसून त्यांनी कागद बदलले आणि आळस न करता तारीख लिहिली. आपल्या कामाचा एवढा उपयोग होईल हे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी ते चोख केले, हेच त्यांचे मोठेपण. तुम्हीही पुढच्या खेपेस पिंपळाचे पान पुस्तकात ठेवाल, तेव्हा शेजारी एक चिठ्ठी ठेवा. तीवर झाडाचे नाव, गावाचे नाव, दिवस आणि आपले नाव लिहा. तिला चार ओळीही लागणार नाहीत. पण त्या पानाला बोलता येऊ लागेल.

स्वाध्याय

१. पिंपळाच्या जाळीदार पानात आणि वनस्पतिसंग्रहातील नमुन्यात लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?

२. 'प्रत्येक रंध्र हे मिळकतीचे दार आहे, तसेच खर्चाचेही,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. ऑर्किड, नर माशी आणि मादी माशी यांची 'घड्याळे सारखी पुढे गेलेली नाहीत' म्हणजे काय? त्यामुळे कोणता धोका संभवतो?

४. वाळलेल्या नमुन्यांची 'उलटतपासणी' का करावी लागते?

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : तोंड देणे, दुजोरा देणे, स्वप्नातही न येणे, मेळ घालणे.

६. शाळेजवळचे एक झाड निवडून त्याला पहिले फूल कोणत्या दिवशी येते याची दरवर्षी वहीत नोंद करा. शाळा सोडताना ती वही पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करा.