लोकलच्या पोटातील लगाम

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्यास विजेवर चालणारी पहिली गाडी गेली, तेव्हापासून नव्वदहून अधिक वर्षे मुंबईच्या लोकलवर पंधराशे व्होल्टच्या डीसी प्रवाहाचा अंमल होता. आणि तो इतका टिकला याचे कारण सरकारी दप्तरदिरंगाईत शोधण्यापेक्षा, निदान अंशतः, डीसी मोटरीच्या स्वभावात शोधणे अधिक न्यायाचे ठरेल.

या मोटरीत चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी गुंडाळी वेगळी आणि त्या क्षेत्रात फिरून चाकास जोर देणारी गुंडाळी वेगळी, त्यामुळे तिला काबूत ठेवणे सोपे. या आज्ञाधारकपणाची किंमत मात्र जबर होती. फिरत्या गुंडाळीस प्रवाह पोचविणारे कार्बनचे ब्रश झिजत, ठिणग्या उडत, आणि गाडी सुटताना मोटरीस न पेलणारा विद्युतदाब डब्याखालच्या रोधकांत निव्वळ उष्णता होऊन खर्ची पडे. हे रोधक टप्प्याटप्प्याने वगळले जात, आणि दांडीस लोंबकळणाऱ्या उतारूस तितके हिसके बसत.

ज्या मोटरीच्या फिरत्या भागास बाहेरून एकही तार जोडावी लागत नाही, ती प्रवर्तन मोटर १८८८ पासून जगास ठाऊक होती. स्वस्त, दणकट, पण हट्टी. कारण तिच्यात क्षेत्र उभारणे आणि जोर देणे ही दोन्ही कामे बाहेरून दिलेला एकच प्रवाह करतो, आणि एक लगाम खेचावा तर दुसराही ताणला जातो. ही गाठ सोडविली ती कोणत्या नव्या धातूने नव्हे, तर पाहण्याची जागा बदलल्याने. जत्रेतील लाकडी घोड्यांची चक्री जमिनीवरून पाहावी, तर प्रत्येक घोडा समोर येतो आणि दिसेनासा होतो. पण आपण शेजारच्या घोड्यावर बसलो, की तोच घोडा स्थिर भासतो. १९७१ च्या सुमारास सीमेन्समधील फेलिक्स ब्लाश्के यांनी मोटरीतील फिरत्या चुंबकक्षेत्रावर गणिताने असेच आसन मांडले, आणि तेथून पाहता प्रवाहाचे दोन घटक काटकोनात सुटे दिसू लागले: एक क्षेत्र राखणारा, दुसरा जोर देणारा. हट्टी मोटर डीसी मोटरीसारखी वागू लागली! माझ्या मते या साऱ्या इतिहासातला खरा शोध हाच. बाकीची त्याची तामील.

ती तामीलही सोपी नव्हती. हे गणित सेकंदास हजारो वेळा करणारे प्रोसेसर हवे होते, आणि त्याचा हुकूम निघताच मोठा प्रवाह क्षणार्धात जोडणारी-तोडणारी कळ हवी होती. ती कळ, म्हणजे आयजीबीटी, अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकमध्ये घडविणाऱ्यांत मद्रासच्या आयआयटीत शिकलेले जयंत बालिगा अग्रणी होते.

मुंबईत २००७ साली आलेल्या सीमेन्सच्या यंत्रणेच्या गाड्यांत हे सारे एकत्र आले. त्या सुटताना हिसका जाणवत नाही, आणि ब्रेक लावताच मोटर जनित्र होऊन घेतलेल्या विजेपैकी सुमारे ३० टक्के वीज तारेत परत जमा करते. जुन्या गाडीत हीच ऊर्जा ब्रेकच्या ठोकळ्यांच्या घर्षणात जात असे. पुढे तारेतील डीसीही गेला, पश्चिम रेल्वेवर आधी, मध्य रेल्वेवर मागाहून. अखेरची डीसी लोकल धावली ती एप्रिल २०१६ मध्ये, कुर्ला ते बोरीबंदर, त्याच हार्बर मार्गावर.