प्रश्न पिकायला लागणारा वेळ

प्रश्नोपनिषदाच्या आरंभी सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. प्रत्येकाच्या मनात एकेक प्रश्न आहे. पिप्पलाद त्यांना लगेच बोलू देत नाहीत. एक वर्ष तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांसह इथे राहा, मग हवे ते विचारा. आम्हांला ठाऊक असेल तर सारे सांगू, असे ते म्हणतात. या उपनिषदातील तत्त्वज्ञानावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखापुरता माझा संबंध त्या संवादातील दोन अटींशी आहे. पहिली अट विचारणाऱ्याला घातलेली: प्रश्न पिकू दे. दुसरी अट उत्तर देणाऱ्याने स्वतःला घालून घेतलेली: ठाऊक असेल तर.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अशा चॅटबॉटांची रांग लागली. घरातल्या एकुलत्या एका मोबाईलवर आज सातवीतला मुलगा प्रश्न टाकतो आणि चार सेकंदांत परिच्छेदच्या परिच्छेद उत्तर येते. वर दिलेल्या दोन्ही अटी इथे नाहीत. थांबावे लागत नाही, आणि ‘ठाऊक असेल तर’ हे शब्द क्वचितच ऐकू येतात. म्हणून मुलांना चॅटबॉटला प्रश्न विचारायला शिकवायचे म्हणजे काय करायचे, हा मला केवळ तंत्रज्ञानाचा विषय वाटत नाही. त्या दोन अटी आता मुलाच्या बाजूने कशा पाळता येतील, असा तो विषय आहे.

मुलांना प्रश्न विचारायला शिकवावे लागते हेच मुळात थोडे विचित्र आहे. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या ब्रिटिश संशोधकांनी चार वर्षांच्या तीस मुलींचे घरातले आणि बालवाडीतले बोलणे ध्वनिमुद्रित केले. १९८४ साली त्यांचे पुस्तक आले. घरी आईजवळ असताना या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या. बालवाडीत शिक्षिकांना तासाला दोन. मुली त्याच, बदलली होती ती जागा. आपल्याकडच्या शाळांची मोजणी कोणी केली नसली, तरी आपल्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात. ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’, ‘कारणे द्या’, ‘कंसातील योग्य पर्याय निवडा’. दहा वर्षे मूल दुसऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे देते. स्वतः प्रश्न तयार करण्याला गुण फारच क्वचित मिळतात. अशा मुलापुढे एकाएकी हव्या त्या प्रश्नाला उत्तर देणारे यंत्र आले, की ते काय करील? पुस्तकातला स्वाध्याय जसाच्या तसा त्यात टाकील. यात मुलाची लबाडी कमी आणि सवय जास्त आहे. प्रश्न म्हणजे पुस्तकात छापलेली गोष्ट, हेच त्याला आजवर शिकवले गेले.

याउलट घडलेला एक प्रयोग आपल्या शेजारीच आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांमधून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने तो वाढवला आणि २००२ साली तो शासनाने बंद करेपर्यंत शेकडो शाळांत पोहोचला. त्यात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी आपल्या मनातले प्रश्न सवालीरामला पत्राने कळवायचे आणि त्याच्या नावाने कार्यकर्त्यांनी मुलांना उत्तर पाठवायचे. चॅटबॉटचा हा टपालखात्यातला पूर्वज म्हणता येईल. फरक वेळाचा होता. पत्र लिहायला बसलेल्या मुलाला आपल्याला नेमके काय विचारायचे आहे हे ठरवावे लागे, कारण उत्तर यायला दिवस जाणार आणि पुन्हा विचारायचे तर पुन्हा पत्र. मधल्या दिवसांत ते मूल त्याच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा पाहत असणार.

आता यंत्राकडे वळू. चॅटबॉट अफाट मजकुरावर तयार झालेला असतो आणि समोर आलेल्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त, याच्या हिशेबाने तो उत्तर रचत जातो. विचारणाऱ्याला समाधान वाटावे असे वळणही त्याला नंतर लावलेले असते. विचारणारा कोण, कुठे बसला आहे, त्याने काय पाहिले आहे, हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. जे सांगितले नाही ती जागा तो सर्वसाधारण माहितीने भरून काढतो. उत्तर सफाईदार येते, पण ते कोणाच्या तरी सरासरी प्रश्नाचे असते. म्हणून ‘सविस्तर सांग’, ‘मुद्देसूद सांग’ असे शब्द जोडल्याने उत्तराचा आकार बदलतो, प्रश्न काही स्पष्ट होत नाही. प्रश्न स्पष्ट होतो तो विचारणाऱ्याने आधी काय पाहिले यावरून.

प्रश्नांची पारख करण्याची एक जुनी रीत मला या कामी फार उपयोगी वाटते. पाली त्रिपिटकातील अंगुत्तरनिकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत: सरळ उत्तर देण्याजोगे, फोड करून उत्तर देण्याजोगे, उलट प्रश्न विचारून उत्तर देण्याजोगे आणि बाजूला ठेवण्याजोगे. ही रीत उत्तर देणाऱ्यासाठी आहे. चॅटबॉटांपैकी काही अधूनमधून उलट प्रश्न करतात हे खरे. पण बहुतेक वेळा ते प्रत्येक प्रश्न पहिल्याच प्रकारचा समजून उत्तर देऊन मोकळे होतात. तेव्हा ही पारख आता विचारणाऱ्याने करायला हवी. चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलांना ती सहज कळते.

पहिला प्रकार सरळ प्रश्नांचा. पाणी किती अंशांना उकळते? शंभर अंश सेल्सिअस. पण या सरळ उत्तरातही एक अट दडलेली आहे: समुद्रसपाटीला. साडेतेराशे मीटरच्या आसपास असलेल्या महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, कारण तिथे हवेचा दाब कमी असतो. सरळ उत्तर मिळाल्यावर ‘हे नेहमीच खरे असते का?’ एवढे एक वाक्य पुढे विचारायची सवय मुलाला लागली, तरी पुष्कळ झाले.

दुसरा प्रकार फोड करायचा. ‘रेल्वे आली हे भारतासाठी चांगले झाले का?’ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हा धडा वाचल्यावर हा प्रश्न पडणे अगदी साहजिक. चॅटबॉटला असाच टाकला तर फायद्यांची एक आणि तोट्यांची एक अशा दोन याद्या येतील आणि त्या वहीत उतरतील. पण मुलाला म्हणावे, आधी ‘कोणासाठी?’ हे ठरव. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात नेणाऱ्या व्यापाऱ्यासाठी? तो पिकवणाऱ्यासाठी? पंढरपूरच्या यात्रेकरूसाठी? बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहून नेणाऱ्या आणि रेल्वेने ज्यांचा धंदा बुडाला त्या लमाण तांड्यांसाठी? एका प्रश्नाचे चार झाले. चौथा प्रश्न एकट्याने विचारला, तर त्याचे उत्तर वाचण्यासारखे असेल. ही फोड करतानाच मूल इतिहास शिकते. उत्तर त्यानंतरची गोष्ट.

तिसरा प्रकार माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. ‘वांग्याची पाने पिवळी पडतात, काय करू?’ जाणता शेतकरी यावर उत्तर देणार नाही. तो विचारील, खालची की शेंड्याची? खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडत असण्याची शक्यता. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. वाफ्यात पाणी साचत असेल तर मुळांना हवा मिळत नाही, तरीही पाने पिवळी पडतात. पानाच्या मागे रस शोषणारी कीड असेल तर आणखी वेगळे. चॅटबॉट या साऱ्या कारणांची यादी देईल, पण झाड त्याला दिसत नाही. मुलाने मात्र उलट प्रश्न स्वतःलाच विचारून घेतले तर त्याला वाफ्यात परत जावे लागते, पान उलटून पाहावे लागते, पाणी कधी दिले ते आजोबांना विचारावे लागते. मग तो लिहितो: ‘आमच्या परसात वांग्याची आठ झाडे आहेत. पाचांची खालची पाने पिवळी पडली आहेत, शेंडे हिरवे आहेत. पानामागे कीड दिसत नाही. पाणी एक दिवसाआड देतो. कारण काय असू शकेल आणि ते कसे तपासू?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आले आहे, आणि ते मुलाने मिळवले आहे.

इथेच आपल्या भाषेचा मुद्दा येतो. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक आठ कोटींहून अधिक आहेत. तरी चॅटबॉट ज्या मजकुरावर तयार होतात त्यात इंग्रजीच्या तुलनेत मराठीचा वाटा फार लहान आहे, आणि त्यातही बोलींचा आणखी लहान. सोलापूर-कोल्हापूरकडचे मूल ‘आमच्या माळव्याला कीड लागली’ असे लिहील तर यंत्र थेट माळवा प्रांतात जाऊन पोहोचण्याचा संभव आहे. अशा वेळी मुलाला ‘तुझा शब्द चुकीचा, प्रमाण शब्द वापर’ असे सांगू नये. ‘आमच्याकडे भाजीपाल्याला माळवं म्हणतात’ हे एक वाक्य जोडायला सांगावे. आपला शब्द दुसऱ्याला समजावून सांगणे ही स्पष्ट प्रश्नाची उत्तम तालीम आहे, आणि त्यात शब्दही टिकतो.

चौथा प्रकार बाजूला ठेवायच्या प्रश्नांचा. ‘मी मोठेपणी डॉक्टर होईन का?’ ‘माझी मैत्रीण माझ्याशी का बोलत नाही?’ असे प्रश्नही मुले चॅटबॉटला विचारतात, कारण तो रागवत नाही, हसत नाही आणि रात्री अकरालाही जागा असतो. वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या मुलासाठी ही मोठी सोय आहे आणि ती हिणवू नये. परंतु जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली एमआयटीत ‘एलायझा’ नावाचा संवाद करणारा अगदी साधा प्रोग्राम जाहीर केला, तेव्हाच एक गोष्ट दिसून आली होती. तो प्रोग्राम समोरच्याचीच वाक्ये थोडी फिरवून परत करत असे. तरीही त्यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. मोठ्यांना यंत्रात माणूस दिसतो, तर मुलांचे काय? युनेस्कोने २०२३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत वर्गात अशी साधने वापरण्यासाठी किमान १३ वर्षे वयाची सूचना आहे, ती यासाठीही लक्षात ठेवावी. मैत्रिणीचे मन मैत्रिणीलाच ठाऊक. घरातले भांडण, पत्ता, आजार, फोटो या गोष्टी यंत्रासाठी नाहीत. हा प्रश्न यंत्राचा की माणसाचा, हे ओळखणे हीसुद्धा प्रश्न विचारण्याची कला आहे.

प्रश्न स्पष्ट असला तरी त्याच्या पोटात चूक असू शकते. ‘चंद्र फक्त रात्रीच का दिसतो?’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. यंत्र कधी ती चूक दाखवील, कधी प्रश्नातले विधान खरे धरून कारणेही देईल. शुक्ल अष्टमीच्या सुमारास दुपारी अंगणात उभे राहिले की पूर्वेकडे फिकट अर्धा चंद्र दिसतो. कृष्ण अष्टमीच्या आधीच्या दिवसांत सकाळी शाळेत जाताना तो पश्चिमेला असतो. म्हणून विचारण्यापूर्वी ‘मी काय धरून चाललो आहे?’ आणि उत्तरानंतर ‘यातले काय मी स्वतः पाहू शकतो?’ हे दोन प्रश्न मुलाने स्वतःला विचारावेत.

हे सारे घरी करायला संगणक लागत नाही. एक दोनशे पानी वही पुरते. प्रश्न पडला की मुलाने वहीत तीन ओळी लिहायच्या: मी काय पाहिले, मला काय ठाऊक आहे, मला नेमके काय हवे आहे. मग प्रश्न एक रात्र तसाच ठेवायचा. पिप्पलादांचे एक वर्ष आपल्याला परवडणारे नाही, पण एक रात्र परवडते. सकाळी काही प्रश्न आपोआप सुटलेले असतात, काही बदललेले असतात. उरलेले चॅटबॉटला विचारायचे आणि उत्तरातले एक तरी विधान पुस्तकात, माणसाकडे किंवा डोळ्यांनी पडताळून त्यापुढे खूण करायची. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा वहीतल्या उत्तरांऐवजी प्रश्नांना गुण द्यावेत. कोणता प्रश्न कसा बदलत गेला, हे मुलाने वर्गात वाचून दाखवावे.

उरते ती दुसरी अट, ‘ठाऊक असेल तर’. ती यंत्राला पूर्णपणे शिकवता येईल तेव्हा येईल. तोवर ती मुलांना मोठ्यांकडूनच दिसली पाहिजे. प्रश्नोपनिषदातील सहावा प्रश्न सुकेशा भारद्वाजाचा आहे. कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ त्याच्याकडे आला होता आणि सोळा कलांच्या पुरुषाविषयी त्याने विचारले होते. सुकेशाने सांगितले, मला माहीत नाही. माहीत असते तर का सांगितले नसते? खोटे बोलणारा मुळासकट वाळून जातो, असेही तो म्हणाला. राजपुत्र काही न बोलता रथात बसून निघून गेला. सुकेशाने मात्र तो प्रश्न टाकून दिला नाही. तोच घेऊन तो पिप्पलादांकडे आला.