गर्डरचा धूर कोठे मोजायचा?

मनमाडला गाडी बदलणाऱ्या प्रवाशांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते, की या गावात मध्य रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना आहे व तेथे पुलांचे पोलादी गर्डर बनतात. पत्रे कापणे, भोके पाडणे, जोडणे, रंगवणे ही असल्या कारखान्याची कामे. त्यांना वीज लागते, पण मोठे धुराडे लागत नाही. मग गर्डर प्रदूषणाविना तयार होतो, असे म्हणावे काय?

धूर निघालेला असतोच; फक्त तो पोलाद बनले त्या गावी निघालेला असतो. झोतभट्टीत कोक दोन कामे करतो. तो उष्णता देतो आणि लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेतो. हा ऑक्सिजन अखेर कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर पडतो. भट्टी कितीही काटकसरीने चालवली तरी हा भाग टळत नाही. एक टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड धरला, तर 20 टनांच्या गर्डरमागे 40 टनांहून अधिक झाला! कारखान्यातील दिवे बदलून यातले कितीसे वाचणार? पोलाद कोणाकडून घ्यायचे, हाच खरा प्रश्न आहे.

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरमार्गे जाणाऱ्या लोहमार्गावर जालना लागते. तेथे विजेच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळवून सळ्या बनवतात. टनाला सुमारे 600 युनिट वीज धरू. आपल्याकडे एका युनिटामागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वितळवण्यापुरता हिशेब 420 किलोंचा झाला. भंगारातला ऑक्सिजन पूर्वीच काढलेला असतो, म्हणून हा आकडा एवढा लहान. मात्र त्याच भट्टीत भंगाराऐवजी कोळशावर बनवलेले स्पंज आयर्न घातले, की हा फायदा नाहीसा होतो. भट्टीचे नाव विचारून भागत नाही, तिच्यात काय घालता हेही विचारावे लागते.

शिवाय इंडक्शन भट्टीत फॉस्फरस व गंधक नीट निघत नाहीत. भंगारातून आलेले तांबे तर कोणत्याच भट्टीत सहजी निघत नाही, कारण ते लोखंडाच्या आधी ऑक्सिजनशी संयोग पावत नाही. रोज गाड्यांचे हादरे सोसणाऱ्या गर्डरला चिवट पोलादच हवे. तेव्हा सर्वांत कमी धुराचा पुरवठादार प्रत्येक कामाला योग्य ठरेलच असे नाही.

डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरवली. तयार पोलादाच्या टनामागे उत्सर्जन 2.2 टनांहून कमी असले तर ते हरित, 1.6 टनांहून कमी असले तर पाच तारे. खरेदीदाराच्या हाती यामुळे एक आकडा आला. आयएसओ 14001 च्या प्रमाणपत्रावरून तो कळत नाही. कारखान्यात पर्यावरण-व्यवस्थापनाची पद्धत आहे, एवढेच ते प्रमाणपत्र सांगते. आमच्या मते या दोन्हींची गल्लत फार होते.

रंगाचीही हीच गत. गंज रोखणाऱ्या झिंक क्रोमेटमधील षट्संयुजी क्रोमियम कर्ककारक आहे. शिशाची 90 पीपीएमची मर्यादा 2016 च्या नियमांनी घातली खरी, पण ती घरगुती व शोभेच्या रंगांपुरती. पुलाचा रंग तीत येत नाही. तेथे खरेदीदारानेच अट घातली पाहिजे.

विद्यार्थ्यांना एक गणित देता येईल. शाळेच्या नव्या खोलीला 2 टन सळ्या लागतात. एका पुरवठादाराचे उत्सर्जन टनामागे 2.5 टन, दुसऱ्याचे 1.5 टन. फरक किती? तो विजेच्या किती युनिटांएवढा, आणि शाळेचे बिल तेवढे व्हायला किती महिने लागतील?