साडेआठचा पाऊस आणि लोणेऱ्याचं ग्रंथालय

महाडच्या पुराचं गणित एकट्या महाडात सुटत नाही. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर तालुक्यात झपाट्याने खाली उतरते आणि महाडजवळ काळ-गांधारीचं पाणी पोटात घेते. त्याच वेळी बाणकोट खाडीतून भरती दासगावकडे चढत असेल, तर लोंढा तुंबतो आणि थेट बाजारपेठेत शिरतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळिये गावात दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते ही गावं दरडींखाली सापडली होती.

तळियेनंतर तिसऱ्याच आठवड्यात, ९ ऑगस्ट २०२१ रोजी, हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालाचा पहिला खंड आला. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं आणि अतिवृष्टीचा जोरही साधारण त्याच प्रमाणात वाढतो, असं तो सांगतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) २०२० मध्ये फक्त भारताच्या हवामानबदलावर ग्रंथ काढला. तिथल्याच रॉक्सी कोल यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिप्पट झाल्या. हे सगळं फुकट उतरवून घेता येतं. शिवाय केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना तेरा हजारांवर नियतकालिकं खुली झाली आहेत. महाडजवळच्या लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या ठिकाणी ग्रंथालयाचं कपाट किती मोठं, हा प्रश्न आता गौण आहे.

अडचण वेगळीच आहे. या ग्रंथांत वाडी दिसत नाही. हवामान विभागाच्या देशभरातल्या पाऊस-नकाशाची एक चौकट साधारण २५ किलोमीटरची. तेवढ्यात पोलादपूरचं खोरं, घाट आणि महाबळेश्वरचा माथा असं सगळं मावू शकतं. दरड मात्र एखाद्याच उतारावर येते.

इथे सामायिक साधनं कामाला येतात. झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या साधनावर गट केला की लोणेऱ्यातल्या विद्यार्थ्याने साठवलेला निबंध महाडच्या प्राध्यापकाला टिपणांसह दिसतो. गूगल शीटवर वाडीवाडीतल्या शाळा रोजचा पाऊस भरू शकतात. मात्र शिस्त हवी. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला मांडतात. एका शाळेने तो कालच्या रकान्यात टाकला, तर शेजारच्या दोन वाड्यांतला एकच पाऊस दोन दिवसांचा दिसतो. म्हणून मापनाची वेळ, पर्जन्यमापकाची जागा आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ यांना स्वतंत्र रकाने हवेत. चुकलेला आकडा पुसू नये; दुरुस्ती शेजारी लिहावी.

हे काम ग्रंथपालाचंच आहे, कारण नोंदींना वळण लावणं हाच त्याचा धंदा. पाच-सात पावसाळ्यांची अशी नोंद साठली, की किती पावसानंतर कोणती वाडी हलवायची हे भूवैज्ञानिकांना आणि तहसीलदारांना निदान आकडे समोर ठेवून ठरवता येईल.