नेत्रसंचलन आणि मनाची जखम

कतारगामच्या कारखान्यांत हिऱ्याला पैलू पाडणारे कारागीर आणि तो विकणारे व्यापारी, दोघांवरही आपत्ती आल्या आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग बुडविला. १३ जुलै २०११ रोजी मुंबईत ऑपेरा हाऊस, झवेरी बाजार व दादर येथे बाँबस्फोट झाले. अशा वेळी मालाच्या हानीची नोंद वहीत होते, मनाच्या हानीची होत नाही. महिने लोटले तरी आवाजाने दचकणे, झोप उडणे, तेच दृश्य पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे ही दुर्बलता नव्हे. तो आघातजन्य विकार होय.

त्यावरील एक उपचार अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून विकसित केला. रुग्णाने दुःखद स्मृती मनात धरावयाची व तज्ज्ञाच्या हलत्या बोटामागे डोळे डावी-उजवीकडे फिरवावयाचे. मनाची शक्ती दोन कामांत विभागल्याने स्मृतीचे चित्र फिके पडते, असे एक प्रमुख मत आहे. स्मृती पुसली जात नाही. तिची धार बोथट होते. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेतील मुलांसाठी ही पद्धत वापरली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली तिची शिफारस केली.

मात्र हा प्रयोग घरी करू नये. तो प्रशिक्षित तज्ज्ञाचेच काम आहे. पेढीवरील मुनीम असो वा घंटीवरील कारागीर, त्यास ‘मन घट्ट कर’ एवढेच न सांगता उपचारास न्यावे. जीवदयेचा वारसा सांगणाऱ्या समाजास हेच शोभते.