मास्क लावून झोपायला शिकताना

माझ्या ओळखीत सीपॅप मशीन घेतलेले जे कोणी आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांचं मशीन कपाटावर पडून आहे. बॅगेची चेन लावलेली आणि वर धूळ. का वापरत नाही म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही जमलं बाई, जीव घुसमटतो." हा निकाल पहिल्या काही रात्रींतच लागलेला असतो. पुढे घरचेही विषय काढत नाहीत आणि मशीन विकणाराही फोन करत नाही. मला याची फार हळहळ वाटते. त्या रात्री मीही काढल्या आहेत आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येक अडचणीला साधा उपाय असतो. फक्त तो सांगणारं माणूस त्या वेळी जवळ लागतं.

मी कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवते. वय 54. पाळी थांबल्यापासून माझी झोप बिघडली होती. सकाळी डोकं जड व्हायचं, ऑफ तासाला स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या डोळा लागायचा. रात्रीतून चार-चार वेळा लघवीला उठायला लागत होतं म्हणून साखर तपासली, ती नॉर्मल निघाली. पुरुष पेशंट असता तर घोरण्याचा प्रश्न पहिल्याच भेटीत आला असता. बाईला तो सहसा कुणी विचारत नाही आणि बाईही आपण होऊन सांगत नाही. बाईमाणसाचं घोरणं हा आपल्याकडे लाजेचा विषय. शेवटी एकदा हे माझ्याबरोबर दवाखान्यात आले आणि डॉक्टरांना म्हणाले, "ही घोरते त्याचं काही नाही हो, पण मध्येच एकदम गप्प होते, तेव्हा मी उठून बसतो."

ते गप्प होणं हाच आजार. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि काही जणांची श्वासाची वाट त्यामुळे पूर्ण मिटते. छाती-पोट हलत असतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस अर्धवट जागा होऊन मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. 2022 च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी हाच आजार सांगितला होता आणि पहिल्यांदा हे नाव आपल्याकडे घराघरात वाचलं गेलं. माझ्या लघवीला उठण्याचं कोडंही तिथेच सुटलं. बंद घशावर छाती जोर लावते तेव्हा हृदयावर ताण पडतो. अंगात पाणी जास्त झालंय असं समजून हृदय एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. पाळी थांबल्यावर बायकांमध्ये हा आजार वाढतो. थकवा, झोप न लागणं, सकाळची डोकेदुखी अशा वेषात येतो, म्हणून "वयाचं आहे" म्हणत बाजूला सारला जातो.

स्लीप स्टडीच्या रात्री डोक्याला वायरी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा आणि नाकाशी बारीक नळी लावतात. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला की एक नोंद. तासाला अशा पाचापेक्षा कमी नोंदी म्हणजे ठीक, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. माझा आकडा 34 आला.

सीपॅप म्हणजे कंटिन्युअस पॉझिटिव्ह एअरवे प्रेशर. मशीन खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकात सोडत राहतं आणि त्या दाबाने घसा आतून उघडा राहतो. ऑक्सिजनचा सिलिंडर यात कुठेच नसतो, हे शेजाऱ्यांना मला अनेकदा सांगावं लागलं. दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात. मशीनवर साधारण 4 ते 20 पर्यंत असतो. मला 9 च्या आसपास लागतो. प्रयोगशाळेत यू आकाराच्या काचेच्या नळीत रंगीत पाणी भरून मुलांना आम्ही दाब दाखवतो, त्या नळीच्या दोन बाजूंच्या पातळीत 9 सेंटिमीटरचा फरक पाडेल इतकाच हा दाब. वातावरणाचा दाब हजार सेंटिमीटरच्या वर आहे. म्हणजे भर पडते ती शंभरात एकाचीही नाही, पण तेवढी घसा उघडा ठेवायला पुरते.

ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांची. त्याआधी तीव्र ॲप्नियाच्या रुग्णाला गळ्याला भोक पाडून नळी बसवणं हाच खात्रीचा उपाय होता. 1980 मध्ये एका रुग्णाने त्या ऑपरेशनला नकार दिला, तेव्हा सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी चालवून हवा त्याच्या नाकात सोडली आणि तो रात्रभर शांत झोपला. 1981 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा वृत्तांत छापून आला. सुरुवातीच्या रुग्णांचे मास्क रोज रात्री नाकाला सिलिकॉनने चिकटवावे लागत आणि मोटरचा आवाज प्रचंड असे. तरीही ती माणसं रोज ते लावून झोपत होती, कारण किती तरी वर्षांनी त्यांना खरी झोप मिळत होती. मास्क टोचतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकिगत सांगते.

आता मूळ मुद्दा. सगळं लक्ष मशीनच्या किमतीकडे आणि कंपनीकडे जातं आणि मास्क दुकानदार देईल तो घेतला जातो. खरं तर सुरुवातीच्या बऱ्याचशा तक्रारी मास्कच्या असतात. नाकपुड्यांना टेकणाऱ्या छोट्या उशांचा, फक्त नाकावर बसणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा, असे तीन मुख्य प्रकार. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांना उशांचा सोसतो, कारण डोळ्यांसमोर काही येत नाही. तोंडाने श्वास घेण्याची सवय असेल तर मोठा लागतो. नाक कायम चोंदलेलं असेल तर आधी त्याचा इलाज.

मला पहिल्यांदा नाकाचा मास्क लावला तेव्हा डाव्या बाजूने सारखी फुसफुस यायची आणि हवा थेट डोळ्यात. टेक्निशियनने पट्टे आवळले, फुसफुस वाढली. आणखी आवळले. गालावर वळ उठले, हवा निघतच राहिली. त्या मुलाचं लक्ष माझ्या चमकीकडे गेलं नाही. मास्कची सिलिकॉनची पातळ कड हवेने फुगते आणि कातडीवर बसते; तिच्याखाली चमकीचा खडा आला की तिथे फट राहते आणि आवळल्याने ती कड दुमडून फट मोठी होते. आता रात्री चमकी काढून डबीत ठेवते, सकाळी आंघोळीनंतर घालते. हीच गोष्ट डोक्याला तेल आणि तोंडाला क्रीम लावून झोपण्याची. सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराबही होतं. तेल रविवारी सकाळी लावावं, रात्री चेहरा साबणाने धुऊन कोरडा करावा. मंगळसूत्र नळीत अडकतं, ते ब्लाउजच्या आत घ्यावं किंवा काढून ठेवावं. मी काढते, आणि सासूबाईंनी त्यावर एक अक्षर बोलून दाखवलं नाही याचं मला आजही अप्रूप आहे.

पट्टे उभ्याने किंवा बसून बांधू नयेत. मशीन सुरू करून, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर आडवं होऊन बांधावेत, कारण झोपल्यावर गालाचा आकार बदलतो. हवा निघायला लागली तर मास्क पुढे ओढून अलगद परत टेकवावा. कड आपोआप नीट बसते. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. मास्कला पुढे बारीक भोकं असतात, तिथून हवा येतेच. सोडलेला श्वास बाहेर जाण्याची ती वाट आहे, ती कधीही बुजवू नये.

घुसमटण्याचं काय? मास्कची सवय रात्री अंथरुणात लावायची नसते, ती दिवसा लागते. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मी मास्क नुसता हाताने नाकाशी धरायचे. पट्टे नाहीत, मशीन नाही. वाटलं की बाजूला. मग पट्टे लावून, मग मशीन चालू करून, भाजी निवडतानासुद्धा. हात मोकळे आहेत आणि हा मास्क मी कधीही काढू शकते, हे डोक्याला एकदा पटलं की छातीतली धडधड कमी होते. पहिल्यांदा श्वास सोडताना समोरून कुणी तरी हवा ढकलतंय असं वाटतं. बहुतेक मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय असते. दाब कमीपासून सुरू होऊन हळूहळू वाढतो. आणि याची एक उलट बाजू कुणी सांगत नाही: काहींना सुरुवातीचा 4 चा दाब इतका कमी पडतो की हवा पुरत नाही असं वाटून तेच घाबरतात. त्यांनी डॉक्टरांना सांगून सुरुवातीचा दाब वाढवून घ्यावा. श्वास सोडताना दाब थोडा उतरवण्याची सोयही बऱ्याच मशीनमध्ये असते, ती चालू आहे का हे विचारावं. मध्यरात्री झोपेत मास्क काढून टाकलेला सापडला तर पुन्हा लावून झोपावं, बस्स. दुपारच्या डुलकीलाही लावावा.

वीज गेली तर गुदमरू का, हा आमच्या घरातला पहिला प्रश्न होता. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं. मोठ्या मास्कला हवा आत घेणारी झडप असते. माणसाला जाग येते, मास्क काढतो, झालं. आमचं मशीन इन्व्हर्टरवर चालतं. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला की वीज बरीच कमी लागते.

पाण्याची टाकी घसा कोरडा पडू नये म्हणून असते. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावं. बोअरच्या पाण्याने आठवड्यात पांढरा थर धरतो, आरओच्या पाण्यातही क्षार राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळतो तो कॅन मात्र घेऊ नका; ते पाणी श्वासासाठी केलेलं नसतं. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाकावं, टाकी धुऊन वाळत ठेवावी, मास्कची कड सौम्य साबणाने पुसावी. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो आणि थेंब नाकात उडतात. मी जुन्या सुती साडीची खोळ शिवून नळीला घातली आणि मशीन पलंगापेक्षा खाली, स्टुलावर ठेवलं. साचलेलं पाणी नाकाकडे न येता टाकीकडे परत जातं.

पोटात हवा जाऊन ढेकर आणि फुगारा येत असेल, किंवा तोंड उघडं पडून जीभ कोरडी होत असेल, तर ते सहन करत बसू नये. दाबात किंवा मास्कमध्ये बदल लागतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा. छातीत पेसमेकर असेल तर मास्क घेताना आवर्जून सांगावं, काही मास्कच्या क्लिपांमध्ये लोहचुंबक असतात. मशीन एकदम विकत न घेता आधी महिनाभर भाड्याने मिळतं का पाहावं आणि मास्क बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी ठरवून घ्यावं. हा आजार मशीनने मुळापासून जात नाही. लावलं त्या रात्रीपुरता तो थांबतो. वजन उतरलं तर फरक पडतो, दारूने आणि झोपेच्या गोळ्यांनी घसा आणखी सैल होतो.

फायदा काहींना पहिल्याच सकाळी जाणवतो. मला वेळ लागला. आधी स्वप्नं पडायला लागली, ठळक, रंगीत, भाराभर. स्वप्नांच्या झोपेची उपासमार मेंदू भरून काढतो तेव्हा असं होतं. मग एकदा लघवीला न उठता उजाडलं. मशीनच्या पडद्यावर सकाळी किती तास वापर झाला, गळती किती आणि श्वास किती वेळा अडला हे दिसतं. माझा 34 चा आकडा आता पाचाच्या आत असतो. शेवटच्या तासाला दहावीचं प्रकाशाचं अपवर्तन शिकवताना फळ्यासमोर डोळे मिटत नाहीत, हे मला त्या आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं.

गणपतीत आम्ही चिपळूणजवळ आमच्या गावी जातो. माजघरात ओळीने अंथरुणं पडतात, पाहुण्यांची पोरं मध्ये. तिथे मास्क लावायचा कसा, याचं मला दडपण होतं. पोरांना आधीच बोलावून मशीन दाखवलं, प्रत्येकाच्या तळहातावर हवा सोडून दाखवली. मग कुणालाच त्याचं काही राहिलं नाही. रात्री जाग आली तेव्हा पलीकडून थोरल्या दिरांचं घोरणं ऐकू येत होतं. ते मध्येच थांबलं. बराच वेळ काही नाही, आणि मग एक मोठा आचका. पुन्हा तसंच. सकाळी चुलीपाशी मी जाऊबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, किती वर्षं झाली. मी हात लावून बघते, श्वास चालू आहे का ते." त्यांना वाटत होतं सगळ्याच पुरुषांचं असं असतं.

भाऊजी रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेतात आणि चिपळूण-पुणे गाडी स्वतः चालवतात. हे दोन्ही ऐकून मी गप्प बसू शकले नाही. त्यांना स्पष्ट सांगितलं, तपासणी होईपर्यंत गाडीवर ड्रायव्हर ठेवा. स्लीप स्टडी दिवाळीनंतरची ठरली आहे. मशीन लागलंच तर मास्क निवडायला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. त्यांना भरघोस मिशी आहे आणि नाकाच्या मास्कची कड तिच्यावर नीट बसत नाही, तेव्हा नाकपुड्यांच्या उशांपासूनच सुरुवात करावी लागेल.