तळ्याचा काठ कोणाचा?

श्रोतेहो, तळे कुठे संपते असे कुणी विचारले तर आपण काय सांगाल? पाणी जिथे संपते तिथे, असेच ना? उत्तर अगदी सोपे आहे. पण तेच उत्तर वैशाखात दिले तर एक निघते आणि श्रावणात दिले तर दुसरेच. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या दोन उत्तरांमधल्या जमिनीविषयी.

मध्यंतरी कल्याण तालुक्यातील एका गावी मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. मे महिना होता. गावच्या तळ्यात पाणी होते, पण मध्यभागीच. आम्ही पाण्याच्या कडेला खुंट्या ठोकल्या आणि परत आलो. पुन्हा गेलो तो श्रावणात. पाहतो तो आमची एकही खुंटी दिसेना, सगळ्या पाण्याखाली! नव्या कडेला खुंट्या ठोकून अंतर मोजले. एका बाजूला ते वीस पावले भरले, तर दुसऱ्या बाजूला, जिथे उतार अगदी सौम्य होता तिथे, साठ पावले. आमची ही खटपट एक आजोबा बांधावर बसून पाहत होते. ते म्हणाले, "अहो मास्तर, यात मोजायचं काय? तळं उन्हाळ्यात पाय आखडून बसतं आणि पावसाळ्यात पसरतं. आता पाय आखडलेत म्हणून ती जागा दुसऱ्याची होते का?"

आजोबा एका वाक्यात जे बोलून गेले, ते ठाण्यासारख्या शहराला कळायला फार वर्षे लागली आणि मोठी किंमत पडली.

ठाण्याला आपण तलावांचे शहर म्हणतो. शिलाहारांच्या काळी याचे नाव श्रीस्थानक. गावात आणि गावाभोवती तळीच तळी होती. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, आंबेघोसाळे, मखमली, ब्रह्माळा, रायलादेवी, उपवन, ही त्यांतली आज उरलेली काही नावे. ही तळी कुणी हौसेखातर राखली नव्हती. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण चार महिने. उरलेले आठ महिने काढायचे कसे, हा प्रश्न असतो. तळे म्हणजे पावसाळ्याने उन्हाळ्यासाठी मागे ठेवलेली शिदोरी. त्या पाण्यावर विहिरी भरत, गुरे जगत, धुणे होई, देवळाची पूजा होई.

मासुंदा तळ्याजवळ कोपिनेश्वराचे देऊळ आहे. पेशवाईत, १७६० च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. तळ्याचे पाणी पूर्वी देवळाजवळपर्यंत असे, असे जुने ठाणेकर सांगतात. आज देऊळ आणि पाणी यांच्यामध्ये रस्ता आहे, बाजार आहे, वाहनांची रीघ आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढल्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि वस्ती वाढू लागली. १९८२ मध्ये ठाण्याची आणि १९८३ मध्ये कल्याणची महानगरपालिका झाली. तळ्याच्या एका अंगाला रस्ता रुंद झाला, दुसऱ्या अंगाला फरसबंदी झाली, कुठे कठडा आला, कुठे भिंत. मासुंद्याच्या काठावरच १९७८ साली गडकरी रंगायतन उभे राहिले. कचराळीच्या भोवती फेरी मारण्यासाठी वाट झाली. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या उपवन तळ्याच्या काठी पायऱ्या आणि खुला रंगमंच आला. कल्याणात ज्याला पूर्वी शेणाळे तळे म्हणत, त्या काळ्या तलावाभोवतीही असेच सुशोभीकरण झाले.

आता हे सारे वाईटच झाले, असे मी म्हणणार नाही. कठडा झाला म्हणून पुष्कळ ठिकाणी कचऱ्याच्या गाड्या तळ्यात रिकाम्या होणे थांबले. भर वस्तीत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सकाळी चार पावले चालायला जागा मिळाली, मुलांना होडीत बसायला मिळाले. गणेशविसर्जनासाठी वेगळे हौद बांधण्याची चालही ठाण्याने पाडली, ती चांगलीच म्हटली पाहिजे. तक्रार काठावर माणूस येण्याबद्दल नाही. प्रश्न असा आहे की, माणसाला उभे राहायला जागा करताना आपण तळ्याची जागा किती घेतली?

शिक्षक बंधुभगिनींनो, हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. एक वर्तुळाकार तळे घ्या. त्याची त्रिज्या १०० मीटर. मग क्षेत्रफळ झाले ३१,४०० चौरस मीटर. आता या तळ्याच्या कडेने, पाण्याच्या बाजूला भराव घालून, १० मीटर रुंदीचा रस्ता करायचे ठरले. त्रिज्या राहिली ९० मीटर आणि क्षेत्रफळ राहिले सुमारे २५,४०० चौरस मीटर. त्रिज्येचा दहावा हिस्सा घेतला, पण तळ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला! कारण तळ्याचे क्षेत्र मध्यापेक्षा कडेलाच अधिक असते. पाहणाऱ्याला मात्र वाटते, एवढे मोठे तळे, त्यातली कडेची एक पट्टी गेली तर काय बिघडले?

बिघडते ते असे. गेलेली जागा ६,००० चौरस मीटर. पावसाळ्यात तळ्याचे पाणी एक मीटरने चढते असे धरा. म्हणजे ६,००० घनमीटर, अर्थात ६० लाख लिटर पाणी पूर्वी या पट्टीवर मावत होते. आता ते मावत नाही. मग ते जाते कुठे? रस्त्यावर, तळमजल्यावरच्या घरांत, दुकानांत. २६ जुलै २००५ चा दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या एका दिवसात मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे उल्हास नदीने कल्याण, बदलापूर भागात हाहाकार केला. एवढा पाऊस कोणत्याही तळ्याने पोटात घेतला नसता, हे खरे. पण दरवर्षी येणारा जो साधा मुसळधार पाऊस, तो पोटात घेण्याचे काम तळी करीत होती, आणि ते काम ती कडेच्या जागेवर करीत होती.

काठाचे दुसरे काम पाणी जिरवण्याचे. तळ्याच्या बुडाशी वर्षानुवर्षे गाळ बसतो आणि बूड हळूहळू लिंपल्यासारखे होते. कडेची माती मात्र उन्हात भेगाळते, तिथे मुळे जातात, किडे घर करतात. ती मोकळी राहते. चढलेले पाणी या कडेच्या मातीतून झिरपून आसपासच्या विहिरींना मिळते. काठ सिमेंटने बांधून काढला म्हणजे आपण तळ्याचा हौद करतो. हौदात पाणी राहते खरे, पण शेजारच्या विहिरीला ते मिळत नाही.

तिसरे काम सफाईचे. नैसर्गिक काठावर लव्हाळा उगवतो, पाणकणीस उगवते. डोंगरावरून, शेतावरून येणारे गढूळ पाणी या गवतातून गाळून तळ्यात उतरते. तिथेच बेडूक अंडी घालतात, मरळीसारखे मासे उथळ पाण्यात पिले वाढवतात, पाणकोंबडी घरटे करते, चतुराची पिले डासांच्या अळ्या खातात. जिथे सरळ उभी भिंत असते तिथे उथळ पाणीच नसते, एकदम खोल. बेडकाला वर चढता येत नाही आणि गवताला मूळ धरता येत नाही. त्यातून एखादे गटार तळ्यात सोडलेले असले म्हणजे शेवाळ माजते. ते रात्री पाण्यातला प्राणवायू वापरून टाकते, आणि पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात. शहरातल्या तळ्यात एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा खच दिसतो, त्यामागे बहुधा असेच काहीतरी कारण असते.

आणि हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. युरोपात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर बोडनझी नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. प्रवाशांची तिथे सदा गर्दी. त्याच्या काठीही हौसेने उभ्या भिंती बांधल्या गेल्या. भिंतीवर आपटून लाटा उलट फिरत आणि कडेची माती, गवत उखडून नेत. तेव्हा १९७० नंतरच्या दशकांत तिथल्या लोकांनी जागोजागी भिंतींपुढे खडी आणि माती घालून पुन्हा सौम्य उतार करायला सुरुवात केली. खर्च एकदा भिंत बांधण्याचा झाला, दुसऱ्यांदा ती निरुपयोगी करण्याचा. आपल्या गावाला असा दोनदा खर्च परवडेल का, याचा विचार आपण आधीच केलेला बरा.

कायदा काय म्हणतो, हेही थोडक्यात सांगतो. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. मागील दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, होड्यांचा धक्का सोडून, कायमचे बांधकाम करू नये, असे त्यांत आहे. पाहा, मोजायला सुरुवात करायची ती उन्हाळ्यातल्या पाण्यापासून नव्हे, पुराच्या रेषेपासून! आजोबांचेच म्हणणे झाले हे. पण यात एक मेख आहे. पिण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी माणसाने मुद्दाम बांधलेली तळी या नियमांतून वगळली आहेत. नागपूरच्या फुटाळा तलावात संगीत कारंजे आणि काठावर प्रेक्षकांसाठी सज्जा झाला, तेव्हा हाच वाद न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला, की फुटाळा मानवनिर्मित असल्याने या नियमांनुसार पाणथळ ठरत नाही. मात्र मानवनिर्मित तळेसुद्धा सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते, हेही न्यायालयाने सांगितले. त्याआधी, जानेवारी २०११ मध्ये, गावच्या सामाईक जमिनींवरील आणि तळ्यांवरील अतिक्रमणे हटवावीत असा आदेश त्याच न्यायालयाने सर्व राज्यांना दिला होता.

तात्पर्य काय, तर आपले तळे बहुधा वाडवडिलांनी खणलेले. त्याला नियमांचे कवच मिळेलच असे नाही. तेव्हा राखण आपल्यालाच केली पाहिजे. शहर आता शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या बाजूला सरकते आहे. डोंबिवलीजवळ निळजे गावच्या तळ्याशेजारी उंच इमारती उभ्या आहेतच. उद्या तुमच्या तळ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा ग्रामसभेपुढे येईल. रंगीत चित्र असेल, दिवे असतील, बाके असतील. ते पाहून हरखून जाऊ नका आणि उगाच विरोधही करू नका. शांतपणे चार गोष्टी विचारा. श्रावणातली पाण्याची रेषा या नकाशात कुठे दाखवली आहे? पाणी आत येण्याच्या वाटा आणि जास्तीचे पाणी बाहेर जाण्याचा सांडवा मोकळा राहणार आहे का? काठ उताराचा ठेवणार की उभी भिंत घालणार? आणि निम्मा काठ तरी माती-गवताचा राहील का? बसायची बाके रेषेच्या बाहेर ठेवली म्हणून संध्याकाळची शोभा काही कमी होत नाही. पैसा खर्चच करायचा तर गाळ काढण्यावर करा. तो गाळ शेतात गेला तर तळेही खोल होते आणि शेतही सुधारते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. यंदा श्रावणात मुलांना तळ्यावर न्या, पण काठापासून दोन हात दूर उभे करा. पाण्याच्या कडेला खुंट्या ठोकण्याचे काम मोठ्या माणसांनी करावे. मुलांनी पावले मोजावीत आणि वहीत आकृती काढावी. त्यावर तारीख घालून ती शाळेत जपून ठेवा. अशा दहा श्रावणांच्या दहा आकृत्या जमल्या की गावाजवळ स्वतःची पूररेषा असेल, आणि ती कुणाच्या मेहेरबानीने मिळालेली नसेल.

मग मे महिन्यात कुणी पाहुणा येईल, कोरड्या जागेकडे बोट दाखवून म्हणेल, "ही जागा तर मोकळीच पडली आहे." तेव्हा पाचवीतल्या एखाद्या मुलीने वही उघडून सांगावे, "नाही हो काका, ही जागा तळ्याची आहे. ते आत्ता पाय आखडून बसले आहे, एवढेच."